पिकअपच्या अ‍ॅक्सलचा रेशो बदलताना : आकडेमोडीपासून दातांवरच्या ठशापर्यंत

मोठे टायर घातले की पिकअप रुबाबदार दिसते आणि त्याच दिवसापासून जडही वाटायला लागते. साध्या चढावर गिअर उतरवावा लागतो, टॉप गिअर नावापुरता उरतो, मागे ट्रेलर जोडला की क्लच तापतो. मग इंजिनाला दोष दिला जातो, इंजेक्टर साफ होतात, फिल्टर बदलले जातात. इंजिन मात्र ठणठणीत असतं. टायरचा घेर वाढल्यामुळे चाकाच्या एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते आणि तेवढंच ओझं इंजिनावर येतं, एवढंच झालेलं असतं. त्याचा मुळातला इलाज एकच : डिफरन्शियलमधली क्राऊन-पिनियनची जोडी बदलणं. पिनियन म्हणजे इंजिनाकडून फिरणारा छोटा दातेरी गिअर, क्राऊन म्हणजे त्याच्यामुळे फिरून चाकं फिरवणारा मोठा.

हे काम स्वतः करता येतं. पण त्यात नट-बोल्ट उघडायला जेवढा वेळ जातो त्याच्या तिप्पट मोजायला आणि परत जुळवायला जातो. ज्याच्याकडे डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळी मापक) नाही किंवा तेच कॅरिअर (क्राऊन ज्याच्यावर बसतो तो भाग) चौथ्यांदा बाहेर काढायची तयारी नाही, त्याने हा घाट घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे. अंदाजाने बसवलेली जोडी थोड्याच दिवसांत रडायला लागते, आणि एकदा दात चुकीच्या जागी घासले गेले की नंतर कितीही नीट जुळवलं तरी तो आवाज जात नाही.

आधी आकडा ठरवा

क्राऊनच्या दातांना पिनियनच्या दातांनी भागलं की रेशो मिळतो. ४१ भागिले ११ म्हणजे ३.७३, ४१ भागिले १० म्हणजे ४.१०, ४१ भागिले ९ म्हणजे ४.५६. आकडा जेवढा मोठा, तेवढी ओढ जास्त आणि त्याच वेगाला इंजिनाचे फेरेही जास्त.

सध्याचा रेशो हौसिंगवरच्या पत्र्याच्या टॅगवर असतो. पण टॅग पडलेला असतो किंवा आधीच्या मालकाने जोडी बदललेली असते, म्हणून त्यावर विसंबू नका. मोजायची खात्रीची रीत अशी : गिअर न्यूट्रल, हँडब्रेक मोकळा, जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून अडण. साधं डिफरन्शियल असेल तर त्या अ‍ॅक्सलचं एकच चाक उचला आणि हाताने २० फेरे फिरवा. तेवढ्यात प्रॉपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून अ‍ॅक्सलकडे येणाऱ्या लांब दांड्याचे) किती फेरे होतात ते खडूची खूण करून मोजा आणि त्या संख्येला १० ने भागा. ३७ च्या थोडे पुढे गेले तर ३.७३, ३९ च्या थोडे पुढे गेले तर ३.९२. दोनच फेरे फिरवले तर या दोन आकड्यांतला फरक डोळ्याला कळत नाही. लिमिटेड स्लिप किंवा लॉकर (दोन्ही चाकं कमी-जास्त एकत्र फिरवणारं डिफरन्शियल) असेल तर दोन्ही चाकं उचला आणि १० फेरे मोजा.

आता नवा आकडा. जुन्या रेशोला नव्या टायरच्या व्यासाने गुणा आणि जुन्या टायरच्या व्यासाने भागा. ३१ इंचाचे टायर आणि ३.७३ रेशो होता, आता ३५ इंची टायर घातले, तर ३.७३ × ३५ ÷ ३१ म्हणजे ४.२१. या आकड्याची जोडी बहुधा मिळणार नाही. ४.१० घ्यायचं की ४.३० की थेट ४.५६, हे गाडीच्या कामावर ठरतं.

इंजिनाच्या फेऱ्यांत हाच हिशोब करून पाहा. ताशी ९० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १,५०० मीटर. ३१ इंची टायरचा घेर साधारण २.४७ मीटर, म्हणजे चाकाचे मिनिटाला ६०६ फेरे. त्याला ३.७३ ने गुणा आणि टॉप गिअर ०.७५ चा असेल तर त्यानेही गुणा. इंजिन १,७०० च्या आसपास फिरतं. ३५ इंची टायरवर तेच इंजिन १,५०० वर येतं आणि तिथे त्याच्यात दम नसतो. ४.१० घातलं तर १,६५०, ४.५६ घातलं तर १,८४०. माल किंवा ट्रेलर नेहमीच ओढायचा असेल तर मी हिशोबाच्या वरचा आकडा घेतो. मोठा टायर नुसता उंच नसतो, तो वजनदार असतो आणि हवाही जास्त अडवतो, ते या सूत्रात येत नाही. बहुतेक धाव रिकामी आणि सपाट रस्त्यावर असेल तर खालचा आकडा बरा.

मात्र फार वर जाण्यालाही किंमत आहे. ४.८८ ला क्राऊनचे ३९ आणि पिनियनचे फक्त ८ दात असतात. त्याच क्राऊनच्या व्यासात आकडा वाढवायचा म्हणजे पिनियनचं डोकं बारीक होतं आणि एका वेळी दात-दाताला कमी लागतो. जड गाडी, लहान अ‍ॅक्सल आणि मोठा आकडा हे तिन्ही एकत्र आले की पिनियन तुटतं.

जोडी विकत घेण्याआधी

गाडी फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर पुढचा आणि मागचा, दोन्ही रेशो बदलावे लागतात. पुढे ४.१० आणि मागे ४.११ चालतं, तेवढा फरक टायर सहज पचवतात. पण पुढे ३.७३ आणि मागे ४.१० ठेवून कोरड्या रस्त्यावर फोर-व्हील लावला तर दोन्ही शाफ्ट एकमेकांविरुद्ध पीळ घेतात आणि ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला ओढ वाटून देणाऱ्या गिअरपेटीत) काहीतरी तुटतं. म्हणजे खर्च आणि श्रम दोन्ही दुप्पट धरूनच निर्णय घ्या.

दुसरी गोष्ट कॅरिअरची. आकडा वाढला की पिनियन बारीक होतं, मग क्राऊनला त्याच्याकडे सरकावं लागतं, म्हणून काही अ‍ॅक्सलमध्ये ठरावीक आकड्यापुढे कॅरिअरच वेगळं लागतं. डाना कंपनीच्या ४४ नावाच्या अ‍ॅक्सलमध्ये ३.७३ पर्यंत एक कॅरिअर आणि ३.९२ पासून पुढे दुसरं. डाना ६० मध्ये ती सीमा ४.१० आणि ४.५६ च्या मध्ये आहे. जुनंच कॅरिअर ठेवायचं तर त्यासाठी मुद्दाम जाड केलेला क्राऊन मिळतो का ते बघा. लॉकर घालायचा विचार असेल तर आत्ताच घाला, कारण नंतर हीच सगळी जुळवाजुळव पहिल्यापासून करावी लागेल.

पुढच्या अ‍ॅक्सलमध्ये पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेच्या वर बसत असेल तर त्याला उलट्या कापाचे दात लागतात. मागची जोडी तिथे चालत नाही. आणि क्राऊन-पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, दोघांवर एकच क्रमांक कोरलेला असतो. तो जुळत नसेल तर खोका परत करा.

जोडीसोबत पूर्ण किट घ्या : पिनियनची दोन्ही बेअरिंग, कॅरिअरची दोन्ही बेअरिंग, शिम (अंतर जुळवायच्या पातळ चकत्या), पिनियन सील, नवा पिनियन नट, क्रश स्लीव्ह (पिनियनच्या दोन बेअरिंगमध्ये बसणारी, दबणारी नळी) आणि क्राऊनचे नवे बोल्ट. जुनी बेअरिंग हाताला चांगली वाटली तरी परत घालू नका. ती काढतानाच बहुधा दुखावतात.

हत्यारांपैकी मॅग्नेटिक स्टँडचं डायल गेज, मोठा टॉर्क रेंच, आणि सुई थेट दिसणारा लहान आकड्यांचा टॉर्क रेंच यांना पर्याय नाही. त्याशिवाय मायक्रोमीटर, बेअरिंग पुलर, प्रेस, योक (पिनियनच्या टोकावरचा, प्रॉपेलर शाफ्ट जोडायचा तुकडा) धरायला लांब दांडा आणि दात एकमेकांना कुठे टेकतात त्याचा ठसा घ्यायचा पिवळा लेप लागतो.

उघडताना

गाडी सपाट जागी घोड्यांवर (जॅक-स्टँडवर) घ्या, जॅकवर नाही. तेल सोडा आणि त्यात काय आलंय ते बघा. चुंबकावर राखाडी लोण्यासारखा थर नेहमीचाच असतो, धातूचे कण सापडले तर हौसिंग आतून दोनदा धुवावं लागेल.

प्रॉपेलर शाफ्ट आणि योकवर एकत्र खूण करून शाफ्ट सोडा. मग अ‍ॅक्सल शाफ्ट. काही पिकअपमध्ये ते आतल्या बाजूने सी-क्लिपने धरलेले असतात : कॅरिअरमधली आडवी पिन काढा, शाफ्ट आत ढकला, क्लिप हातात येते. काहींत बाहेरून, ब्रेक प्लेटच्या मागच्या नटांनी. फुल-फ्लोटिंग अ‍ॅक्सलमध्ये हबवरचे बोल्ट काढले की शाफ्ट सरळ बाहेर येतो. कॅलिपर होजवर लोंबकळू देऊ नका, तारेने बांधा.

काही गाड्यांमध्ये पूर्ण डिफरन्शियल पुढून एका तुकड्यात निघतं. तुमची तशी असेल तर ते टेबलावर घेऊन जुळवा, पाठीवर पडून करण्यापेक्षा हजारपट सोपं. बाकीच्यांना मागचं झाकण काढून हौसिंगमध्येच काम करावं लागतं.

झाकण निघालं की काहीही उघडण्याआधी जुन्या जोडीचा बॅकलॅश (दातांमधली मोकळी हालचाल, मोजायची रीत पुढे आहे) मोजून लिहून ठेवा. बेअरिंग कॅपवर डावा-उजवा आणि वर-खाली अशा पंचने खुणा करा. त्या कॅप त्याच जागी बसवून कोरलेल्या असतात, अदलाबदल केली तर बेअरिंग वाकडं बसतं. कॅपचे बोल्ट शेवटच्या दोन-तीन आट्यांवर ठेवून मगच कॅरिअर सैल करा, नाहीतर ते थेट अंगावर येतं. डाव्या-उजव्या शिम वेगवेगळ्या डब्यांत ठेवा आणि जाडी मोजून लिहा.

क्राऊनचे बोल्ट काढताना आटे उलटे आहेत का ते तपासा. काही जुन्या अ‍ॅक्सलमध्ये ते डाव्या आट्यांचे असतात आणि जोर लावला की तुटतात.

पिनियनची खोली

सगळ्या कामाचा गाभा हा आहे. पिनियनचं डोकं क्राऊनच्या मध्यरेषेपासून किती अंतरावर बसतं, ते शिमच्या जाडीवर ठरतं. बहुतेक अ‍ॅक्सलमध्ये ही शिम पिनियनचं डोकं आणि आतलं बेअरिंग यांच्यामध्ये, किंवा आतल्या बेअरिंगच्या कपाखाली (बाहेरच्या कड्याखाली) असते. दोन्हींत शिम वाढवली की पिनियन क्राऊनच्या जवळ जातं. फोर्डच्या ९ इंची अ‍ॅक्सलमध्ये बरोबर उलटं आहे : तिथे शिम पिनियनच्या वेगळ्या हौसिंगखाली बसते, वाढवली की पिनियन लांब जातं. तुमच्या अ‍ॅक्सलमध्ये कुठली रीत आहे ते कागदावर लिहून समोर चिकटवा, कारण दमलेल्या डोक्याने उलट दिशेला शिम घालण्याची चूक फार सहज होते.

सुरुवात जुन्याच शिमपासून करा. डानाच्या पिनियनच्या डोक्यावर +२ किंवा −१ असे आकडे कोरलेले असतात, ते इंचाच्या हजाराव्या भागात. जुन्यावर +२ आणि नव्यावर −१ असेल तर ०.००३ इंच, म्हणजे सुमारे ०.०८ मि.मी. शिम वाढवायची. आकडा नसेल तर जुनी जाडी तशीच ठेवा, पुढे ठसा सांगेलच.

दर वेळी बेअरिंग प्रेसमधून काढून परत घालणं म्हणजे त्याची वाट लावणं. त्यापेक्षा जुन्या बेअरिंगचं आतलं भोक बारीक घासून किंचित मोठं करा, म्हणजे ते हाताने सरकेल. हे जुळवणीपुरतं बेअरिंग. सगळं पक्कं झाल्यावर नवं चढवा. नवं बेअरिंग शंभर-सव्वाशे अंशांपर्यंत गरम केलं की अलगद बसतं. गॅसची ज्योत मात्र त्याच्यावर कधीच धरू नका, पोलादाचा कडकपणा जातो.

या टप्प्यावर क्रश स्लीव्ह आणि सील घालू नका. नट हळूहळू आवळत जा, पिनियन खेळ न देता पण हाताने फिरेल इतपत.

क्राऊन, कॅरिअर आणि बॅकलॅश

क्राऊन कॅरिअरवर बसवण्याआधी दोन्ही बैठका तेल दगडाने पुसून घ्या. एक बारीक खपली राहिली तरी क्राऊन डगमगत फिरतो. क्राऊन थोडा गरम करून बसवा, बोल्टला थ्रेडलॉकर लावा आणि समोरासमोरचे बोल्ट टप्प्याटप्प्याने मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा.

कॅरिअर आत ठेवा. बॅकलॅश म्हणजे पिनियन घट्ट धरून क्राऊन मागेपुढे हलवला तर दाताची जी मोकळी हालचाल होते ती. डायल गेजचं टोक क्राऊनच्या दाताच्या बाहेरच्या कडेला, हालचालीच्या दिशेत सरळ टेकवा. बहुतेक अ‍ॅक्सलना ०.१५ ते ०.२५ मि.मी. लागतो. नक्की आकडा जोडीसोबतच्या कागदावर असतो आणि तोच खरा. चार जागी मोजा. वाचनांत ०.०५ पेक्षा जास्त फरक आला तर क्राऊन वाकडा बसलाय, परत उतरवा.

बॅकलॅश कमी करायचा तर क्राऊन पिनियनकडे सरकवा : एका बाजूची शिम काढून तेवढीच दुसऱ्या बाजूला घाला, एकूण जाडी बदलू देऊ नका. कॅरिअर ०.१० मि.मी. सरकवलं की बॅकलॅश साधारण ०.०७ ने बदलतो, हे प्रमाण लक्षात ठेवलं तर दोन-तीन फेऱ्या वाचतात. काही अ‍ॅक्सलमध्ये शिमऐवजी दोन्ही बाजूंना आट्यांचे मोठे नट असतात, ते या कामात वरदान आहेत.

ठसा वाचणं

क्राऊनच्या तीन-चार दातांना दोन्ही बाजूंनी पिवळा लेप पातळ लावा. योक कापडाने घट्ट पकडून त्याच्यावर ताण ठेवा आणि क्राऊन पाना लावून दोन्ही दिशांना चार-सहा वेळा फिरवा. ताण नसेल तर ठसा खोटा येतो.

दाताचा माथा वर, मूळ खाली, बाहेरचं टोक म्हणजे हील, आतलं म्हणजे टो. पहिला प्रश्न एकच : ठसा माथा आणि मूळ यांच्या मध्ये आहे का? माथ्याकडे चढला असेल तर पिनियन लांब आहे, जवळ आणा. मुळाकडे उतरला असेल तर पिनियन फार आत गेलंय, मागे घ्या. तो मध्यावर आला की मग हील-टो बघा. ठसा टो-कडे असेल तर बॅकलॅश किंचित वाढवा, हीलकडे असेल तर कमी करा.

सगळ्या जोड्या एकाच पद्धतीने कापलेल्या नसतात, इथेच बरेचजण अडकतात. काहींचे दात हीलकडून टो-कडे उतरत जातात, काहींची उंची टोकापासून टोकापर्यंत सारखीच असते. सारख्या उंचीच्या दातांवर ठसा किंचित हील किंवा टो-कडे असला तरी बिघडत नाही, माथा-मूळच्या मध्ये बसला की झालं. तिथे चित्रातल्यासारखा ठसा आणायच्या हट्टाने लोक आठ-आठ वेळा पिनियन काढतात.

सुरुवातीला शिम भीत-भीत बदलू नका. एकदम ०.१० मि.मी. बदला, म्हणजे ठसा कुठल्या दिशेला धावतो ते स्पष्ट दिसेल. चूक दोन्ही बाजूंनी पाहिली की बरोबर जागा त्यांच्यामध्ये सापडते. पिनियन जवळ आणलं की बॅकलॅश आपोआप घटतो, म्हणून दर वेळी आधी बॅकलॅश जागेवर आणा आणि मगच नवा ठसा घ्या. प्रत्येक ठशाचा फोटो काढा आणि त्याखाली शिमची जाडी लिहा. माझ्या पहिल्या अ‍ॅक्सलच्या वेळी मी हे केलं नव्हतं. पाचव्या ठशानंतर तिसरा बरा होता हे आठवत होतं, पण त्या वेळी शिम किती होती ते आठवत नव्हतं, आणि पूर्ण दिवस वाया गेला.

पक्की जुळणी

ठसा मनासारखा आला की सगळं बाहेर. ठरलेली शिम घालून नवी बेअरिंग चढवा, क्रश स्लीव्ह टाका, बाहेरचं बेअरिंग आणि सील बसवा, सीलच्या ओठाला ग्रीस लावा. योकची जागा जिथे सीलवर घासते तिथे खाच पडली असेल तर योक बदला.

क्रश स्लीव्ह चिरडायला ४०० न्यूटन-मीटरच्या वर जोर लागतो आणि ती दबायला लागली की भराभर दबते. खेळ संपल्यावर नट एका वेळी अगदी थोडासा फिरवा आणि दर वेळी सुईच्या रेंचने पिनियन सावकाश फिरवून त्याला लागणारा जोर बघा. नव्या बेअरिंगला साधारण १.७ ते ३.४ न्यूटन-मीटर. हा आकडा पिनियन फिरत असतानाचा, सुटतानाचा नाही. पुढे गेलात तर नट मागे फिरवून काम भागत नाही, स्लीव्ह नवीच घालावी लागते, म्हणून दोन स्लीव्ह आणून ठेवा. डाना ६० सारख्या अ‍ॅक्सलमध्ये स्लीव्हऐवजी शिम असतात. तिथे शिम कमी केली की प्रीलोड, म्हणजे बेअरिंगवरचा आधीचा दाब, वाढतो.

कॅरिअर आता प्रीलोडसकट घालायचं, म्हणजे दोन्ही बाजूंना मॅन्युअल सांगेल तेवढी शिम वाढवून. ते हाताने आत गेलं तर ढिलं आहे. नायलॉनच्या हातोडीने ठोकत न्यावं लागलं पाहिजे. कॅप त्यांच्या टॉर्कला आवळा, बॅकलॅश परत चार जागी मोजा आणि शेवटचा ठसा घ्या. मधल्या सगळ्या जोडणीत काहीतरी किंचित हलतंच.

तेल, रुळवणं आणि स्पीडोमीटर

या दातांना हायपॉइड म्हणतात. पिनियन मध्यरेषेच्या बाजूला असल्यामुळे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घसरतातही. मोटारींत हे दात १९२० च्या दशकात आले, पॅकार्डने ते वापरले तेव्हा, आणि त्यांना वेगळं तेल लागतं हे तेव्हापासूनचं आहे. म्हणून जीएल-५ दर्जाचंच तेल घाला, दाटपणा (व्हिस्कॉसिटी) मॅन्युअलप्रमाणे. क्लच पट्ट्यांचं लिमिटेड स्लिप असेल तर त्याचं पूरक द्रव्यही. भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत तेल यायला हवं. हौसिंगवरचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारं तोंड) फुंकून मोकळा करा. तो तुंबला तर आतला दाब नव्या सीलमधून तेल बाहेर काढतो.

पहिल्यांदा १५-२० मिनिटं सावकाश चालवा, मग गाडी पूर्ण थंड होऊ द्या. असं दोन-तीनदा. नव्या दातांचे पृष्ठभाग एकमेकांवर बसताना प्रचंड तापतात. त्या दिवशी ट्रेलर जोडून दूर निघालेल्या गाडीचं तेल जळतं आणि दात मऊ पडतात. पहिले ८०० किलोमीटर ओझं ओढू नका.

स्पीडोमीटर गिअरबॉक्सच्या शाफ्टवरून वेग घेत असेल तर तो आता चुकीचा आकडा दाखवेल. जुन्या गाड्यांत त्याचा छोटा प्लास्टिक गिअर बदलतात, नव्यांत कॉम्प्युटरमध्ये टायर आणि रेशो भरावे लागतात. ऑटोमॅटिक गाडीत हे टाळलं तर गिअर चुकीच्या वेळी पडत राहतात.

कान उघडे ठेवा. अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावरच शिट्टी येत असेल तर दातांची ओढायची बाजू बिघडलीय, सोडल्यावरच येत असेल तर दुसरी. दोन्ही वेळा सारखीच घरघर, वेगाबरोबर वाढणारी, ही बेअरिंगची. गाडी पुढून मागे घेताना ठक्क वाजलं तर बॅकलॅश जास्त आहे किंवा जॉइंट झिजलाय. आवाज आला तर गाडी उभी करून झाकण उघडा आणि परत ठसा घ्या.

८०० किलोमीटरनंतर तेल बदला आणि झाकणावरचं चुंबक बोटाने पुसा. बोटावर मऊ राखाडी लेप आला तर झाकण लावून कामाला लागा. बोटाला खरखर लागली तर झाकण लावू नका.